अंधारातला वायू, मागचा दिवा



गेल्या खेपेस घाटेअळीवर एवढे लिहिले की एका ताईंनी निरोप धाडला, 'साहेबांना म्हणावे, एखाद्या वेळी किडीशिवायही काही लिहा.' म्हणून या खेपेस अळी नाही, औषध नाही, अनुदानही नाही. आभाळातली गोष्ट आहे. पण ती सुरू झाली गव्हाच्या वावरात, तेव्हा या सदरात तिला जागा द्यायला हरकत नसावी.

फेब्रुवारी सरत आला होता. आर्वी तालुक्यातल्या एका गावी शेतकऱ्यांची बैठक होती. ती लांबली, आणि एका शेतकऱ्याने आग्रहाने जेवायला ठेवून घेतले. त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची होती. गहू ओंबीवर आलेला, पाणी चुकवून चालणार नव्हते. जेवण झाल्यावर तो, त्याची बायको आणि अकरावी सायन्सला असलेली मुलगी असे तिघेही वावराकडे निघाले. मीही गेलो. धुऱ्यावर चादरी पांघरून आम्ही लाईनची वाट पाहत बसलो. अंधारी रात्र, गावचे दिवे लांब. चांदण्या अशा पसरल्या होत्या की खळ्यावर जवस सांडावे.

मुलगी वर पाहत होती. म्हणाली, "काका, चांदण्यायच्या मधात जे काळं दिसते, तिथं काहीच नसते काय?"

बाप म्हणाला, "अवो, साहेबाले काही कामाचं इचार."

आता मी बी.एस्सी. ॲग्रीकल्चर झालेला माणूस. पदार्थविज्ञान पहिल्या वर्षाला जे शिकलो त्यावर धूळ बसून तीस वर्षे झाली. पण पोरीचा प्रश्न इतका नेमका होता की टाळवेना. शिवाय मला त्याचे थोडे उत्तर ठाऊक होते. ते कसे, ते पुढे येईलच.

ताऱ्यांच्या मधल्या काळ्या जागेत वायू आहे. फार विरळ, पण आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त हायड्रोजन. आपल्याला ओळखीच्या असलेल्या सगळ्या पदार्थात मिळून वजनाने सुमारे तीनचतुर्थांश हायड्रोजनच भरतो. तारे त्याचेच झाले, आणि आजही तो जाळूनच ते उजेड देतात. पण तारा होण्याआधीचा थंड, मोकळा हायड्रोजन डोळ्यांना दिसेल असा उजेड देत नाही. मग तो आहे हे कळायचे कसे? आणि तोही आजचा नाही, तर शेकडो कोटी वर्षांपूर्वीचा?

मी मुलीच्या आईला विचारले, "ताई, खुडूक कोंबडीखालची अंडी तुम्ही कशी तपासता?"

त्या हसल्या. "बॅटरीपुढं धरून. पिल्लू असलं तं आत काळं दिसते."

झाले. हीच युक्ती. अंडे स्वतः उजळत नाही. मागे दिवा धरला की आतले दिसते. आभाळात हायड्रोजनच्या मागे धरायला दिवा लागतो, आणि तो फार दूरचा व फार प्रखर हवा, म्हणजे मधला सगळा वायू त्याच्या पुढ्यात येईल. असे दिवे निसर्गाने लावून ठेवलेले आहेत. त्यांना क्वेसार म्हणतात. दुर्बिणीतून पाहिले तर ताऱ्यासारखा ठिपका. पण तो तारा नसतो. दूरच्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या गोतावळ्याच्या, मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असते. त्यात पडता पडता वायू इतका तापतो की त्या एवढ्याशा जागेतून सबंध दीर्घिकेपेक्षा जास्त उजेड निघतो.

पहिला ओळखला गेलेला क्वेसार थ्री-सी २७३ या नावाचा. मार्टेन श्मिट यांनी १९६३ साली अमेरिकेत त्याचा उलगडा केला. तो कुठे आहे हे सांगितले तर तुम्हाला मौज वाटेल. उत्तरा आणि हस्त ही पावसाची नक्षत्रे आपल्या तोंडी असतातच. आभाळात या दोन नक्षत्रांच्या मधल्या पट्ट्यात, जरा चित्रेच्या बाजूला सरकून, हा क्वेसार आहे. हत्तीचा पाऊस पडतो तेव्हा सूर्यच त्या भागात असतो, म्हणून तेव्हा तो दिसणे नाही. फाल्गुनात मात्र तो भाग संध्याकाळनंतर पूर्वेला वर येतो. आमच्या समोर त्या रात्री तोच होता. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, चांगली मोठी दुर्बीण लागते. तिथून आज येणारा उजेड सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि क्वेसारांत हा जवळचाच म्हणायचा.

आता उजेडावर वायूची खूण कशी उमटते ते पाहू. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन फवारणीच्या पंपाचा बारीक फवारा सोडला की त्यात इंद्रधनुष्य दिसते. उजेडातले रंग सुटे होतात. शास्त्रज्ञ यंत्राने असेच रंग सुटे करतात, पण फार बारीक. वाटेत हायड्रोजन असला तर त्या पट्ट्यात एका ठराविक जागी काळी रेघ पडते. तेवढाच रंग हायड्रोजनने गिळलेला असतो. जशी बैलाच्या अंगावरची डागणी पाहून मालक ओळखावा, तशी रेघेवरून मूलद्रव्याची ओळख पटते.

आणखी एक गोष्ट घडते. विश्व सारखे पसरत आहे. त्यामुळे वाटेवर असलेल्या उजेडाची लाटही ताणली जाते आणि रंग तांबड्याकडे सरकतो. जेवढी वाट लांब तेवढा ताण जास्त. पूर्वी पत्ता बदललेल्या माणसाचे पत्र तीन गावे फिरून यायचे, आणि पाकिटावर प्रत्येक टपाल कचेरीचा शिक्का तारखेसह असायचा. पाकीट पाहून सांगता येई की पत्र कुठे कुठे गेले आणि केव्हा. क्वेसारच्या उजेडाचे तसेच. वाटेतला हायड्रोजनचा प्रत्येक ढग आपली रेघ मारतो, पण पुढच्या प्रवासात ती रेघ ताणली जाऊन जागची सरकते. म्हणून जुन्या ढगाची रेघ एकीकडे, अलीकडच्या ढगाची दुसरीकडे. दूरच्या क्वेसारच्या पट्ट्यात अशा शेकडो रेघा दाटीने उभ्या दिसतात. रॉजर लिंड्स यांनी १९७१ साली ही गर्दी दाखवून दिली. पुढे तिला 'जंगल' असेच नाव पडले.

फारच दूरच्या क्वेसारांत तर वेगळाच प्रकार दिसला. तिथे सुट्या रेघा नाहीत, पट्ट्याचा तुकडाच्या तुकडा गिळलेला. पौषातली धुई आठवा. तूर फुलावर असताना ती धरली की आपल्या पोटात गोळा येतो, आणि समोरचा बैलही दिसत नाही. विश्वाच्या बाळपणी सगळीकडे हायड्रोजनची अशी धुई होती. पहिले तारे आणि दीर्घिका पेटल्या, त्यांच्या उजेडाने वायूचे अणू फुटत गेले, आणि विश्वाचे वय सुमारे शंभर कोटी वर्षांचे होईतो धुई फिटली. आज ते वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे सकाळ लवकरच झाली म्हणायची.

"पन हे सारं अमेरिकेत, साहेब," बाप म्हणाला. "आपल्या इकडं काय हाय?"

इथे मला बोलायला जोर आला. कारण आपल्याकडचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही शेतकऱ्यांचा अभ्यास दौरा पुणे जिल्ह्यात नारायणगावला नेला होता. टोमॅटो, द्राक्षे, ठिबक पाहायचे म्हणून. नेमका २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. रस्त्यावर शाळांच्या गाड्यांची रांग. विचारले तर म्हणाले, खोडदची दुर्बीण पाहायला चालले. आम्हीही गाडी वळवली. शेतांच्या मधोमध त्या तबकड्या उभ्या होत्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. अशा ३० आहेत. चौदा मध्यभागी दाटीने, बाकीच्या सोळा तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्या मिळून एक दुर्बीण. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, लोक जीएमआरटी म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने ती उभी केली. ती प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून निघाली. दूरच्या काळातला हायड्रोजन शोधणे हा तिच्या मूळ हेतूंपैकी एक.

आमच्यातला एकजण तबकडी पाहून म्हणाला, "ही तं खुराड्याची जाळी हाय!" आणि ते खोटे नव्हते. तबकडी भरीव पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची आहे. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. इथे उजेड पकडायचा नसतो, रेडिओच्या लाटा पकडायच्या असतात. त्या जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ लांब असल्यामुळे जाळीवरूनच परततात. थंड हायड्रोजनची एक रेडिओ खूणही आहे, २१ सेंटिमीटर लांबीच्या लाटेची. म्हणजे हाच वायू डोळ्याला मुका, पण कानाला थोडासा बोलका.

एक अडचण मात्र आपल्याला लगेच समजेल अशी. घरातला जुना रेडिओ चालू असताना मोटार सुरू केली की तो खरखरतो. खोडदच्या कानाला तर विजेच्या तारांवरची ठिणगीसुद्धा ऐकू येते. त्यामुळे त्या परिसरात कारखाने, मनोरे उभे करण्यावर बंधने आहेत. तिथल्या गावांनी ही शांतता सांभाळली आहे, आणि तिची किंमतही मोजली आहे. शास्त्राच्या बातम्यांत याचा उल्लेख क्वचित येतो, म्हणून इथे करून ठेवतो.

आता या दुर्बिणीने काय काम केले ते ऐका. काही क्वेसार रेडिओ लाटाही भरपूर फेकतात. त्यांच्या वाटेत थंड हायड्रोजन असला तर त्या २१ सेंटिमीटरच्या लाटेत खाच पडते. पण बघायचे कुठे? आभाळ केवढे! नीरज गुप्ता, पुण्याच्या आयुका या संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांचे सहकारी यांनी एक खूण धरली. ज्या क्वेसारांच्या उजेडात वाटेतल्या मॅग्नेशियमची ठळक रेघ दिसते तेच निवडायचे. मॅग्नेशियम म्हटले की तुम्हाला कपाशीवरचा लाल्या आठवेल. तेच हे मॅग्नेशियम. ते ताऱ्यांच्या पोटात तयार होते, म्हणून जिथे ते आहे तिथे दीर्घिकेतला वायू असण्याचा संभव जास्त. अशा ३५ जागा निवडून त्यांनी दुर्बिणीचे सुमारे ४०० तास खर्ची घातले. २००९ साली निकाल छापला. ३५ पैकी ९ ठिकाणी थंड हायड्रोजनची खाच नव्याने सापडली. उरलेल्या जागी ती दिसली नाही.

आपल्याकडे ३५ बोअर मारून ९ ला पाणी लागले तर गाव पाणाड्याला हाकलून देईल. इथे मात्र कोरड्या गेलेल्या जागांचीही तेवढीच काळजीने नोंद झाली, कारण त्यावरून त्या काळी थंड वायू किती होता याचा अंदाज निघतो. तो काळ म्हणजे साधारण साडेआठ-नऊशे कोटी वर्षांपूर्वीचा. आपली पृथ्वी तेव्हा झालीही नव्हती. २१ सेंटिमीटरची लाट इथे पोहोचेपर्यंत ताणून दुप्पट-अडीचपट झालेली होती.

दुसरे काम तर मला आमच्या खात्यातले वाटते. आपण माती परीक्षणाला नमुना कसा घेतो? एका खड्ड्यातली माती नेत नाही. वावरभर नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घेतो, एकत्र करतो आणि तिचा एक नमुना करतो. एकेका ठिकाणाचे गुण कळत नाहीत, पण वावराची सरासरी कळते. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीवर हेच केले. इथे मागे दिवा नव्हता, हायड्रोजनचा स्वतःचाच क्षीण आवाज ऐकायचा होता. एका दीर्घिकेचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. तेव्हा कुठे सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला सरासरी हायड्रोजन मोजता आला. निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्या दीर्घिका इतक्या वेगाने तारे घडवत होत्या की शिल्लक वायू शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. म्हणजे कोठीतले धान्य कमी आणि घरात खाणारी तोंडे फार. विश्वात तारे जन्मण्याचा वेग पुढे का मंदावला, याचा मोठा धागा त्यातून हाती लागला. गोविंद स्वरूप मात्र त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गेले. सव्वा महिना आधी.

श्रीआनंद यांचे आणखी एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. महास्फोटाचा सिद्धान्त म्हणतो की विश्व पूर्वी जास्त गरम होते. आज त्याची ऊब म्हणजे शून्याखाली २७३ अंश या कमालीच्या थंडीपेक्षा फक्त पावणेतीन अंश वर. मग हजार-अकराशे कोटी वर्षांपूर्वी किती होती? श्रीआनंद आणि त्यांचे दोन युरोपीय सहकारी, पेतिजाँ व लेदू, यांनी चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीने एका क्वेसारसमोरचा तसला वायू पाहिला. त्यातल्या कार्बनच्या रेघांवरून त्यांनी ऊब काढली. ती ६ ते १४ अंशांच्या दरम्यान आली. सिद्धान्ताने सांगितली होती सुमारे ९. साल होते २०००.

यातली मौज अशी. त्या वेळी आयुकाचे संचालक होते जयंत नारळीकर, कोल्हापूरला जन्मलेले आणि आपल्या मराठीत विज्ञानकथा लिहिणारे. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांनी जन्मभर मान्य केला नाही, आणि त्यांच्याच संस्थेतल्या माणसाचा पुरावा त्या सिद्धान्ताच्या बाजूचा निघाला. तो छापला गेला, आणि जगभर गेला.

मी हे सांगताना धुऱ्यावर जरा थांबलो. कारण मला माझीच एक गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका खताच्या प्रात्यक्षिकाचे काम माझ्याकडे होते. एका तुकड्याला ते खत दिले, शेजारचा तुकडा तुलनेसाठी तसाच ठेवला. सुगीला दोन्हींचे उत्पन्न जवळजवळ सारखे निघाले. वरिष्ठ म्हणाले, अहवालात तुलनेचा तुकडा दाखवायची गरज नाही. मी दाखवला नाही. ज्यांच्या वावरात तो प्रयोग होता त्यांनी पुढल्या हंगामात ते खत विकत आणले, माझ्याच शब्दावर. ते आज नाहीत. खोडदच्या ३५ पैकी सव्वीस कोरड्या जागांची नोंद वाचली तेव्हा मला तो गाळलेला तुकडा दिसला.

हे मी त्यांना सांगितले, अगदी असेच. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बाप म्हणाला, "साहेब, राग नका धरू. पन त्या तबकड्यायनं आमच्या कापसाले भाव येनार हाय काय?"

"नाही," मी म्हणालो. "दादा, कापसाला येणार नाही, सोयाबीनलाही येणार नाही. खोटे कशाला सांगू?"

मग मुलगीच बोलली. "बाबा, पान्यात हायड्रोजन असते ना." तिने ओंजळीने दाखवावे तसा हात केला, पण पाटात अजून पाणी नव्हते.

तिचे बरोबर होते. अठरा किलो पाण्यात दोन किलो हायड्रोजन असतो आणि सोळा किलो ऑक्सिजन. ऑक्सिजन ताऱ्यांत शिजून आला. हायड्रोजन मात्र विश्वाच्या अगदी सुरुवातीचा. तारे तो जाळतात, नव्याने करत नाहीत. तेव्हा गव्हाला दिलेल्या पाण्यातला हायड्रोजन त्या जुन्या धुईतलाच आहे. क्वेसारसमोर ज्याच्या रेघा मोजतात तो याचाच भाऊबंद. आई म्हणाली, "म्हंजे मी रोज तेच डोक्यावर आनतो." यावर मला काही बोलायचे उरले नाही.

पाऊण वाजता लाईन आली. स्टार्टर खटकला, मोटार गुरगुरली, आणि तिघेही उठले. बाप बारे धरायला गेला. मुलगी बॅटरी घेऊन त्याच्या मागे गेली, पण मध्येच वळून तिने विचारले, "काका, हस्त कोनतं?" मी दक्षिण-पूर्वेकडचा तो चार-पाच चांदण्यांचा पंजा दाखवला, आणि त्याच्या वर उत्तरेचा ठळक तारा. मधल्या काळ्या पट्ट्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली, इतका की बापाला ओरडावे लागले, "अवो, उजेड इकडं दाखव!"

ज्या शाळांना खोडदला जायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच, की २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे मोठे विज्ञान प्रदर्शन भरते आणि गावोगावची मुले येतात. वर्ध्याहून वाट लांबची आहे, दोन मुक्काम धरावेत. त्या गावातून मात्र चार दिवसांनी निरोप आला. मुलीच्या बापाचाच. "साहेब, पुढल्या सालाले ते सहल नेसान तं आमची दोन नावं लिहा. पोरीले तबकड्या पाहाच्या हायेत. अन् मले नारायनगावचा टमाट्याचा बाजार."

पुढल्या खेपेस उन्हाळी मुगावर लिहीन. आणि त्या ताईंची क्षमा मागून सांगतो, मावा-तुडतुडे त्यात येणारच.